आम्हाला घर नव्हते, याला काम नाही

मैत्रिणींनो, प्रवासाचा लेख म्हटला की काश्मीरचा बर्फ किंवा केरळच्या नावा डोळ्यांपुढे येतात. मी सांगणार आहे तो प्रवास अगदी घरगुती. चंद्रपूरहून वरोरा, आणि पुन्हा एकदा चंद्रपूरहून मूलकडे सोमनाथ. लाल एस.टी.चे तिकीट, डब्यात पोळी आणि बेसन, आणि सोबत माझे धाकटे दीर.

या दिरांबद्दल आधी सांगायला हवे. वय एकोणतीस, अंगाने धडधाकट, पण डोक्याने सात-आठ वर्षांच्या मुलाएवढे. लहानपणी एका शाळेने 'हा बाकीच्या मुलांचा वेळ खातो' म्हणून नाव काढून टाकले. तेव्हापासून घर हेच त्यांचे जग. सकाळी बादल्या भरायच्या, दुपारी दारात बसून रस्त्यावरचे ट्रक मोजायचे. आमच्या रस्त्याने कोळशाचे ट्रक जातात, त्यामुळे मोजायला कमी नाही! पाहुणे आले की मात्र त्यांना मागच्या खोलीत बसवायची आमच्या घरची पद्धत. मी लग्न होऊन आले तेव्हा ही पद्धत होतीच, आणि खरं सांगते, मीही ती मोडली नाही.

सासूबाई आता थकल्या आहेत. रात्री पाय चेपताना एकच बोलतात, "माह्या माघारी याचं कोन करन वं?" मी 'आम्ही आहोत ना' म्हणते. पण मनात धाकधूक असतेच. माझी दोन मुले, अर्धवेळ शिकवणी, यांची औष्णिक वीज केंद्रातली पाळीची नोकरी. त्यात जन्मभर एक मोठे मूल सांभाळायचे?

म्हणून डिसेंबरात सासूबाईंना म्हटले, "भाऊजींना आनंदवन दाखवून आणते." मनात काय होते ते तुमच्यापाशी कबूल करते. त्यांना तिथे ठेवता येईल का, हे मला बघायचे होते.

पडोली, घोडपेठ, भद्रावती करत गाडी वरोऱ्याला पोचली. भाऊजींनी वाटेत एकशे चौदा ट्रक मोजले. वरोरा गावापासून आनंदवन अगदी जवळ. आत शिरलो आणि धूळ, धूर, भोंगे सगळे मागे राहिले. दोन्ही बाजूंना झाडी, स्वच्छ रस्ते, आणि त्यावरून कोणी सायकलवर, कोणी तीनचाकीवर, कोणी काठी टेकत कामाला निघालेले. कुठे जायचे हे प्रत्येकाला ठाऊक होते. आमच्या भाऊजींना आजवर कधीच कुठे जायचे नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

आनंदवनाची कथा तुम्हाला माहीत असेल, पण गृहिणीच्या नजरेने ती पुन्हा एकदा बघा. बाबा आमटे वरोऱ्याचे वकील, घरची जमीनदारी. पावसात गटाराकाठी पडलेला एक महारोगी पाहून ते घाबरले, आणि त्या भीतीचीच त्यांना लाज वाटली. पुढे कलकत्त्याला जाऊन त्यांनी या रोगाचे शिक्षण घेतले, १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या पन्नास एकर खडकाळ माळावर आनंदवन सुरू झाले. उद्घाटन विनोबांच्या हस्ते झाले. भांडवल काय, तर चौदा रुपये, सहा रुग्ण आणि एक लंगडी गाय. साधनाताई नागपूरच्या सोवळ्या घरातल्या लेक. विकास आणि प्रकाश ही दोन चिमुकली मुले घेऊन त्या विंचू-सापांच्या त्या माळावर राहायला गेल्या. तुम्ही-मी भाड्याचे घर बदलताना नळाला पाणी किती वेळ येते ते आधी विचारतो. त्यांच्याकडे पाणीच नव्हते. झडलेल्या बोटांच्या माणसांनी विहीर खोदली तेव्हा पाणी लागले.

पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या काळी कुष्ठरोग्याला दोनच वाटा होत्या, भीक मागायची नाहीतर आश्रमात पडून खायचे. बाबांचे म्हणणे असे की, दानाने माणूस आणखी पांगळा होतो आणि कामाने उभा राहतो. म्हणून गोळ्या-मलमपट्टीइतकेच महत्त्व त्यांनी कुदळ-फावड्याला दिले. औषधाने रोग जातो, पण 'मी कुणाच्या तरी उपयोगाचा आहे' ही गेलेली भावना औषधाने परत येत नाही. ती भाजीच्या वाफ्यात परत आली.

आता गंमत बघा. भाजी पिकली, पण विकत घेणार कोण? महारोग्यांच्या हातची भाजी वरोऱ्याच्या बायका का घेतील? (आपण घेतली असती का, हे प्रत्येकीने स्वतःला विचारावे.) पुढे परदेशातले तरुण स्वयंसेवक इथे श्रमदानाला आले. रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी बांधकाम केले आणि त्याच शेतातले अन्न खाल्ले. ते गावाने पाहिले, आणि हळूहळू गावाची भीती ओसरली. शेती आनंदवनाची असली तरी ती टिकली गिऱ्हाईक मिळाले तेव्हा. शेताला जसे पाणी लागते तशी भोवतालच्या गावाची साथही लागते.

भाजीच्या शेतात एक आजी भेटल्या. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. दोन्ही हातांची बोटे अर्धी झडलेली. खुरप्याच्या मुठीला चिंधी गुंडाळून, दोन्ही तळव्यांत धरून त्या वांग्यात निंदत होत्या. चिंधी कशाला, विचारले. म्हणाल्या, "हाताले समजत नाही ना बाई. फोड आला तरी दुखत नाही. म्हून मूठ मऊ ठेवाची." या रोगात नसा मरतात आणि संवेदना जाते. त्यामुळे जखम होते ती कळतच नाही, मग ती चिघळते आणि बोटे जातात. म्हणून संध्याकाळी पाय पाण्यात भिजवून, पुसून, तेल लावून, कुठे चीर पडली का ते रोज बघायचे, आणि मऊ रबराच्या चपलेशिवाय पाऊल टाकायचे नाही. मैत्रिणींनो, शेतकाम उपचार म्हणून करायचे तर त्यात हे सारे आले. आजारी माणसाला नुसते शेतात उभे केले की तो बरा होतो, असा समज करून घेऊ नका. काम माणसाला बेतून द्यावे लागते, जसे आपण ब्लाऊज अंगाला बेतून शिवतो.

आजींशी बोलता बोलता मी धीर करून मनातले विचारले, "आमच्या भाऊजींसारख्यांना इथं ठेवता येतं का हो?" त्यांनी भाऊजींकडे पाहिले. तोवर ते वाफ्याशी उकिडवे बसून आजींचे बघून गवत उपटू लागले होते. चार काड्या गवताच्या, एक वांग्याची! आजी हसल्या, ते रोप त्यांनी परत मातीत खोचले आणि म्हणाल्या, "आमाले घर नव्हतं म्हून आमी अठी आलो बाई. घरच्याईनं गावाबाहेर काढलं. याले तं घर हाये. काम नाही हाये, येवढंच."

मला काही बोलताच आले नाही. आजी पुन्हा निंदायला लागल्या, आणि भाऊजी त्यांच्या शेजारी सरकले.

परतताना बाबा आणि साधनाताई विसावले आहेत तिथे गेलो. बाबा २००८ मध्ये गेले, साधनाताई २०११ मध्ये. बाबांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह मातीतच दिला. भाऊजींनी तिथे हात जोडले. नखांत माती तशीच होती.

एक गोष्ट इथे सांगून ठेवते. कुष्ठरोग आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. १९८० नंतर अनेक औषधे एकत्र देण्याचा उपचार आला, आणि वेळेवर गोळ्या घेतल्या की हा रोग पूर्ण बरा होतो. कायदा मात्र मागे होता. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग झाला तर घटस्फोट मागता येत असे. ते कारण कायद्यातून निघाले ते २०१९ मध्ये! आनंदवनात आज कुष्ठमुक्त वृद्धांबरोबर अंध, मूकबधिर, अपंग, निराधार अशी कितीतरी माणसे आहेत. शेती तीच, पण तिच्याकडे येणारी माणसे बदलत गेली.

पंधरा दिवसांनी आम्ही सोमनाथला गेलो. या वेळी हेही सोबत होते. मूलकडचा रस्ता वेगळाच. कोळशाचे ट्रक मागे पडतात आणि जंगल लागते, मग धानाच्या बांध्या. हंगाम संपत आलेला, बांध्यांत नुसती धसकटे, कुठे पुंजणे रचलेले, कुठे चुरणे चाललेले, आणि हवेत तनशीचा वास. बाबांनी १९६७ मध्ये इथे जंगलातल्या जमिनीवर काम सुरू केले. आनंदवनात बरी झालेली माणसे इथे आली, त्यांनी झाडोरा काढला, बांध घातले आणि धान पिकवला. ज्यांना समाजाने 'खायला काळ' म्हटले, त्यांच्या हातचा भात पुढे आनंदवनाच्या पंगतीत वाढला जाऊ लागला. इथेच मे महिन्यात श्रमसंस्कार शिबिरे भरत आली. शहरातली कॉलेजची मुले भर उन्हात, चंद्रपूरच्या उन्हात बरं का, येऊन कुदळ मारतात. तुमच्या घरात सोफ्यावर लोळणारा अठरा वर्षांचा चिरंजीव असेल तर जरूर चौकशी करा.

सोमनाथ पाहिल्यावर मला या सगळ्याची रचना उमगू लागली. हेमलकसा मी पूर्वी शाळेच्या सहलीबरोबर पाहिले होते. आलापल्लीच्या पुढे सागाच्या जंगलातून भामरागडचा तो लांबलचक रस्ता, पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की तुटणारा. तिथे १९७३ च्या डिसेंबरात काम सुरू झाले, आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंडांसाठी झोपडीत दवाखाना काढला, पुढे शाळा काढली. वाटेत अहेरीजवळ नागेपल्लीलाही याच परिवाराचा प्रकल्प आहे. तेव्हा मला वाटले होते, ही वेगवेगळी चार कामे आहेत. पण तशी ती नाहीत. एका ठिकाणी धान आहे, दुसरीकडे दवाखाना, तिसरीकडे हातमाग आणि कारखाने, चौथीकडे शाळा. प्रत्येकाकडे जे आहे ते दुसऱ्याच्या उपयोगी पडते. आपल्या वाड्यात नाही का, एकीकडे पाटा असतो, दुसरीकडे शेवेचा साचा, आणि दिवाळी सगळ्यांची होते!

विदर्भात ही वाट आणखी जुनी आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन. तिथेही रुग्णांच्या हाताला शेती आणि उद्योग दिले. तेव्हा आपल्याकडे हे नवे नाही. फक्त त्याला नाव नव्हते.

नाव दिले परदेशाने. हॉलंडमध्ये अशी हजाराच्या वर शेते आहेत. ती मोठ्या संस्था नव्हेत बरं का, साध्या शेतकरी कुटुंबांची चालती शेते. आठवड्यातून दोन-तीन दिवस तिथे मतिमंद मुले येतात, विसरभोळे झालेले म्हातारे येतात, मन खचलेली माणसे येतात. कोणी कोंबड्यांना दाणे घालतो, कोणी गाजरे धुतो, आणि संध्याकाळी आपापल्या घरी जातो. या सांभाळाबद्दल शेतकऱ्याला पैसे मिळतात, बहुतेक करून नगरपालिकेकडून. म्हणजे येणारा हा फुकटचा मजूर नव्हे आणि शेतकरीही फुकटचा दाता नव्हे. आणखी एक शहाणपणा त्यांनी केला. एकट्या शेतकऱ्याला कचेरीचे कागद, प्रशिक्षण, देखरेख हे झेपत नाही, म्हणून त्या त्या भागातल्या शेतांनी मिळून संघ केले. बोलणी संघ करतो, दर्जाही संघच बघतो. नॉर्वेतही अशीच पद्धत आहे.

हे वाचले आणि आजींचे शब्द पुन्हा आठवले. 'याले तं घर हाये. काम नाही हाये.' आपल्याकडे नगरपालिका असे पैसे देईल तेव्हा देवो. पण एक शेत, दोन घरे आणि चार माणसे तर जमवता येतील?

शाळेत माझ्या बरोबरीच्या बाई आहेत, त्यांची मुलगी भाऊजींसारखीच, बावीस वर्षांची. आमच्या घरी भाजी देणाऱ्या मावशींचे गावाबाहेर दीड एकर शेत आहे, दोन म्हशी आहेत. आम्ही तिघी ओट्यावर चहा घेऊन बसलो. मावशी आधी नाहीच म्हणाल्या. "म्हैस मारन, विहिरीत पडन, मंग माह्यावर येईन." त्यांचे चूक नव्हते. मग एकेक गोष्ट ठरवली. आठवड्यातून तीनच दिवस, सकाळी आठ ते अकरा. आमच्यापैकी एकजण कायम सोबत. विहिरीला जाळी, तिचा खर्च आम्ही दोन घरांनी केला. मावशींना महिन्याचे ठराविक पैसे, कारण त्यांचाही वेळ जातो. आणि जे काम खरेच उपयोगी पडेल त्याची मजुरी त्या दोघांच्या हातात, थोडी का होईना. राबवून घेणे आणि कामाने माणूस उभा करणे यात फरक काय, तो याच हिशोबात कळतो.

पहिला आठवडा फजितीचा गेला. भाऊजींनी गवताबरोबर मेथीचा अर्धा वाफा साफ केला. मावशींच्या तोंडचे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत! बाईंची मुलगी म्हशीला पाहून रडली. मी यांना म्हटले, "जमणार नाही हो." हे म्हणाले, "त्याला निंदायला देऊ नका. त्याला मोजायला आवडतं ना? मोजायचं काम द्या." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आता भाऊजी जुड्या बांधतात. मेथीच्या दहा-दहा जुड्यांचा गठ्ठा, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मावशी आता त्यांचा गठ्ठा पुन्हा मोजत नाहीत. बाईंच्या मुलीला म्हैस अजूनही नको वाटते, पण ती कोथिंबीर धुते, आणि फार सुंदर धुते.

सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. शनिवारी भाऊजी हट्ट करतात, शेत का नाही म्हणून आदळआपट करतात. माझी रजा जाते. पावसाळ्यात चिखलात कसे जमेल ठाऊक नाही. आणि मावशींनी उद्या शेत विकले तर? म्हणूनच आता आणखी एक शेत आणि आणखी दोन घरे शोधतो आहोत. एका खांबावरचा मांडव वाऱ्याने पडतो.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात असे कुणी असेल तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. अपंगत्वाचे युडीआयडी कार्ड काढून ठेवा, सरकारी कामात ते आधी मागतात. 'माझ्यामागे कोण' हा घोर असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली मतिमंद व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमून घेता येतो. त्यासाठी जिल्ह्याची समिती असते, जिल्हाधिकारी कचेरीत चौकशी करा. शेत शोधताना जवळचे शोधा, कारण लांबचे महिनाभरात सुटते. आणि काम शोधताना त्या माणसाला काय येत नाही याची यादी करू नका. त्याला काय आवडते तिथून सुरुवात करा.

परवा घरी पाहुणे आले होते. सवयीने सासूबाई भाऊजींना म्हणाल्या, "जाय बाबू, मांगं बस." भाऊजी उठले नाहीत. खिशातून वीस-वीसच्या दोन नोटा काढून पाहुण्यांपुढे धरल्या आणि म्हणाले, "माह्या आहेत. मेथीच्या." पाहुण्यांना काही कळले नाही. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला, आणि मला म्हणाल्या, "त्याचाबी चहा इथंच आन वं."

मी चहा आणायला आत गेले.